येडशीच्या माळावर जेट: लहान टर्बाइन इंजिनाची निवड

रिमोटवर उडणाऱ्या जेट विमानासाठी इंजिन घ्यायचं ठरलं की नजर आधी थ्रस्टच्या आकड्यावर जाते. कंपन्याही तो आकडा बहुधा इंजिनाच्या नावातच घालतात. जर्मनीच्या जेटकॅटचं पी-100 साधारण 100 न्यूटनचं, तैवानच्या किंगटेकचं के-142 साधारण 142 न्यूटनचं, चीनच्या स्विविनचं एसडब्ल्यू-140 साधारण 140 न्यूटनचं. 10 न्यूटन म्हणजे ढोबळ मानाने एक किलोचा रेटा, एवढं माहीत असलं की विमानाचं वजन आणि इंजिनाचा रेटा शेजारी ठेवून खरेदी उरकते. हा आकडा खरा असतो. पण तो समुद्रसपाटीच्या आणि 15 अंश सेल्सिअसच्या प्रमाण हवेत मोजलेला असतो. येडशी बालाघाटाच्या पठारावर आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा 40 च्या पुढे जातो. त्यामुळे हा आढावा माहितीपत्रकाच्या क्रमाने न घेता उलट्या बाजूने घेतो आहे: आधी आपली हवा, मग आपला माळ, मग इंधन आणि दुरुस्ती, आणि शेवटी इंजिन.

या छंदाची इथे चर्चा कशाला, असं कुणाला वाटेल. धुळे-सोलापूर महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता जिथे भेटतात ते हे गाव. एका अंगाला रामलिंगचं जंगल, दुसऱ्या अंगाला सोयाबीन, तूर आणि उसाची शेतं. धाराशिवला तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तुळजापूरलाही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. थर्मोकोलची विमानं आणि हाताने जोडलेले ड्रोन उडवणाऱ्या मुलांच्या मनात पुढची पायरी म्हणून जेट येणं अगदी स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात या छंदाची मुळंही आहेत. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि पुण्यात सदानंद काळे यांच्यासारख्यांनी प्रात्यक्षिकांमधून हजारो शाळकरी मुलांना उडती मॉडेलं दाखवली. मात्र टर्बाइनचं पाऊल टाकताना पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला विचारून येणारं उत्तर येडशीला जसंच्या तसं लागू पडत नाही.

आधी हवेचा हिशेब मांडतो. 650 मीटर उंची धरली तर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साडेब्याण्णव टक्के राहतो. त्यात तापमान 40 अंश धरलं की हवेची घनता प्रमाण हवेच्या 85 टक्क्यांवर येते. थ्रस्टची घट याहून थोडी जास्त असते. कारण इंजिनाचा छोटा संगणक, ज्याला सगळे ईसीयू म्हणतात, फेऱ्यांची कमाल मर्यादा ओलांडू देत नाही, आणि गरम हवेत तेवढ्याच फेऱ्यांना कॉम्प्रेसर कमी दाब तयार करतो. दोन्ही गोष्टी धरल्या तर 140 न्यूटनचं इंजिन मे महिन्याच्या दुपारी 115 न्यूटनच्या आसपास येतं. तेच इंजिन जानेवारीच्या सकाळी, पारा 15 अंशांवर असताना, 130 न्यूटन देतं. इंजिन एकच, जागा एकच, आणि दोन ऋतूंत दीड किलोचा फरक.

धावपट्टीवर हा फरक आणखी ठळक होतो. विरळ हवेत पंखांना तेवढीच उचल मिळवायला विमानाला जमिनीवर साधारण 8 टक्के जास्त वेग घ्यावा लागतो, आणि तो वेग गाठून देणारा रेटा मात्र कमी झालेला असतो. प्रमाण हवेत 100 मीटरांत उचलणारं विमान मेच्या दुपारी 140 मीटर खातं. उतरतानाही वेग जास्त असल्याने थांबायला जास्त जागा लागते. तेव्हा ज्याच्याकडे 120 मीटरचीच सपाट पट्टी आहे त्याने इंजिन कोणतं हे ठरवण्याआधी उडवायचं कधी हे ठरवावं. येडशीसाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: दिवाळी ते महाशिवरात्र, सकाळी, वारा सुटायच्या आत.

इंजिन किती मोठं हवं याचा हिशेब आता सोपा होतो. शिकाऊ किंवा खेळकर जेटला इंधनासह भरलेल्या वजनाच्या 0.8 पट रेटा पुरेसा असतो. खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती थोड्या कमी रेट्यावरही देखणी उडते. 12 किलो वजनाच्या विमानाला म्हणजे 95 न्यूटनच्या आसपास रेटा हवा. हे 95 न्यूटन उन्हाळ्यातही मिळायचे असतील तर माहितीपत्रकातला आकडा 115 ते 120 असायला हवा. एक पायरी वरचं इंजिन घ्या असं मी म्हणतो ते एवढ्याचसाठी.

दोन पायऱ्या वर मात्र जाऊ नये. 12 किलोच्या विमानात 200 न्यूटनचं इंजिन बसवणारे आहेत, आणि त्यांच्या विमानांचे पंख किंवा शेपटीचे पृष्ठभाग वेगात थरथरून फाटल्याच्या कहाण्याही आहेत. अमेरिकेतल्या अ‍ॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सने टर्बाइन मॉडेलांना ताशी 200 मैलांची मर्यादा घातली आहे आणि टर्बाइन उडवण्यासाठी वेगळी परवानगी ठेवली आहे, ती उगाच नव्हे. मोठं इंजिन निष्क्रिय वेगावर, म्हणजे आयडलवर असतानाही विमान पुढे ढकलत राहतं. चाकांचे ब्रेक चांगले नसतील तर ते पट्टीच्या टोकाशी थांबतच नाही. बऱ्याच ईसीयूमध्ये कमाल फेऱ्यांची मर्यादा खाली आणता येते. थोडं मोठं इंजिन घेऊन हिवाळ्यात त्याला लगाम घालायचा आणि उन्हाळ्यात तो सोडायचा, ही सोय आपल्या हवेत फार उपयोगी आहे आणि तिचा वापर फार थोडे जण करतात.

आजचं लहान टर्बाइन इतकं भरवशाचं कसं झालं, हे थोडक्यात पाहिलं तर निवडीतले काही शब्द कळतात. 1983 मध्ये इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमन इथे जेरी जॅकमन यांच्या गटाने स्वतः तयार केलेल्या गॅस टर्बाइनवर रिमोटचं मॉडेल उडवलं. ते इंजिन प्रोपेनवर चालत होतं. पुढे फ्रान्सच्या जेपीएक्स कंपनीने प्रोपेनवरचं इंजिन विकायला आणलं. खरी उडी मारली ती जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी. त्यांनी लाकडाचं, वरून कार्बन तंतूंनी बांधलेलं कॉम्प्रेसर चाक वापरून घरच्या कार्यशाळेत बनेल असं इंजिन उभं केलं आणि त्याची रीत पुस्तकातून सगळ्यांना खुली केली. नंतरच्या केजे-66 या आराखड्यात गाडीच्या टर्बोचार्जरचं 66 मिलिमीटरचं चाक आलं आणि जगभरच्या लेथवाल्यांनी ते इंजिन बनवलं. आजच्या कारखान्यांतल्या इंजिनांची मांडणीही तीच आहे: पुढे एक केंद्रोत्सारी कॉम्प्रेसर, मध्ये कड्यासारखा ज्वलनकक्ष, मागे एकच टर्बाइन चाक, आणि सगळा भार दोन बेअरिंगांवर.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण आपल्याकडे ट्रक-ट्रॅक्टरचे जुने टर्बो सोलापूर-लातूरच्या गॅरेजांत सहज मिळतात आणि त्यांपासून जेट बनवण्याचे व्हिडिओही भरपूर आहेत. 66 मिलिमीटरचं चाक मिनिटाला 1,20,000 फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला 414 मीटर असतो. ध्वनीचा वेग साधारण 340. त्या वेगाला चाकाचा समतोल केसभर जरी बिघडला तरी बेअरिंग जातं, आणि चाक फुटलं तर तुकडे पत्रा भेदून बाहेर येतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, भक्कम भिंतीआड, मोजमापं घेण्यासाठी असं इंजिन जरूर चालवावं. त्यातून जे शिकायला मिळतं ते पुस्तकातून मिळत नाही. विमानात बसवण्यासाठी मात्र कारखान्यात समतोल साधलेलंच इंजिन घ्यावं.

आता इंजिन सुरू होताना काय होतं ते जवळून बघू, कारण निवडीचे निम्मे मुद्दे या अर्ध्या-एक मिनिटात दिसतात. विमानाचं तोंड वाऱ्याकडे, शेपटीमागे कुणी नाही, हाताशी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक. पावडरचा अग्निशामक आग विझवतो, पण ती पावडर आत गेली की इंजिनही संपतं, म्हणून गॅसचाच. रिमोटची कळ वर नेऊन खाली आणली की ईसीयू काम हाती घेतं. आतला ग्लो प्लग लाल होतो. पुढची छोटी मोटर चाकाला फिरवू लागते आणि बारीक शीळ ऐकू येते. पंप टिकटिकतो, इंधनाचे थेंब तापलेल्या प्लगवर पडतात, दबका ‘फुप्प’ असा आवाज होतो आणि हातातल्या पडद्यावर धूरनळीचं तापमान झपाट्याने चढायला लागतं. मग मुख्य झडप उघडते, मोटर अजून चाकाला साथ देत असते, शिळेचा सूर चढत जातो. फेऱ्या पुरेशा झाल्या की मोटर सुटते आणि इंजिन आपल्या पायावर उभं राहून आयडलला स्थिरावतं. या सगळ्यात माणसाचं काम फक्त बघण्याचं आणि वेळ पडल्यास बंद करण्याचं.

जुनी इंजिनं सुरू करायला प्रोपेनची छोटी टाकी लागायची. आता थेट इंधनावर सुरू होणारीच घ्यावीत. येडशीत नेमकं ते गॅसचं डबडं शोधत फिरण्यात अर्थ नाही. सुरू करण्याचा प्रयत्न फसला तर आत इंधन साचतं, आणि पुढच्या प्रयत्नात तेच पेटून शेपटीतून हातभर ज्वाळा निघते. म्हणून फसलेल्या प्रयत्नानंतर विमानाचं नाक वर करून इंधन मागून निथळू द्यायचं आणि मगच पुन्हा हात लावायचा. उड्डाणानंतर इंजिन बंद केलं तरी ईसीयू मोटरने चाक फिरवत राहतं, आतली उष्णता बाहेर काढण्यासाठी. तापमान 100 अंशांच्या खाली येईपर्यंत बॅटरी काढायची नाही. आपल्या उन्हात या थंड होण्याला जास्त वेळ लागतो, आणि घाईने वायर ओढली की मागच्या बेअरिंगला त्याची किंमत मोजावी लागते. त्यामुळे ईसीयूची बॅटरी कंपनी सांगते त्याहून थोडी मोठी ठेवावी.

इंधनाचा प्रश्न लोक समजतात त्यापेक्षा सोपा आहे. विमानतळावरचं जेट ए-1 आपल्याला सहज मिळणार नाही. रेशनचं निळं रॉकेल स्वयंपाक आणि दिवाबत्तीसाठी दिलेलं असतं, ते यात घालणं नियमात बसत नाही. खुल्या बाजारातलं पांढरं रॉकेल मिळालं तर उत्तम. ते नसेल तर महामार्गावरच्या पंपावरचं डिझेल. आजची बहुतेक इंजिनं डिझेलवर चालतात, पण विकत घेण्याआधी त्या विशिष्ट मॉडेलच्या पुस्तिकेत डिझेलचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचावं. आपल्यासाठी ही अट थ्रस्टइतकीच महत्त्वाची आहे. डिझेलचा वास राहतो, धूर थोडा जास्त येतो आणि गारठ्यात सुरू व्हायला ते जरा कुरकुरतं, पण मराठवाड्याच्या थंडीत त्याने अडत नाही. 140 न्यूटनचं इंजिन पूर्ण ताकदीवर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास पितं. उड्डाणात सगळा वेळ पूर्ण ताकद लागत नसल्याने 3 लिटरच्या टाकीत सात-आठ मिनिटं निघतात. डिझेल लिटरला 90 रुपयांच्या आसपास धरलं तर एका उड्डाणाला तीनशे रुपयांच्या आत इंधन लागतं.

त्यात तेल मिसळावं लागतं, साधारण 3 ते 5 टक्के. या इंजिनांना वेगळी तेलाची टाकी नसते. इंधनाचाच थोडा भाग बेअरिंगांवरून जातो आणि त्यातलं तेल त्यांना जगवतं. म्हणून तेलात काटकसर करू नये. मोबिल जेट ऑइल 2 किंवा एरोशेल 500 ही खऱ्या विमानांची तेलं वापरतात. ती त्वचेला आणि पोटात गेल्यास घातक आहेत, तेव्हा हातमोजे घालूनच मिसळावं आणि डबा घरातल्या मुलांपासून लांब ठेवावा. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत हवेचा बुडबुडा आला तर हवेतच ज्योत विझते, म्हणून बुडबुडे अडवणारी छोटी मधली टाकी आणि गाळणी लागतेच. डिझेल घेताना ते दोनदा गाळून घ्यावं.

धूळ हा येडशीचा खरा शत्रू. मुरमाच्या माळावर चाकांमागे उडालेला खडा आत गेला की कॉम्प्रेसरची पाती टोचली जातात. बारीक धूळ पाती झिजवते. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू असते तेव्हा भुसा हवेत तरंगत असतो आणि तो इंजिनाच्या तोंडावरच्या जाळीवर चिकटून हवा कोंडतो. जाळी लावायचीच, पण प्रत्येक उड्डाणाआधी ती बोटाने पुसायची. ज्या विमानांचं हवेचं तोंड पोटाखाली असतं, उदाहरणार्थ एफ-16, ती अशा माळावर आणू नयेत. तोंड पंखांच्या वर किंवा पाठीवर असलेली शिकाऊ विमानं इथे जास्त टिकतात. डांबरी किंवा काँक्रीटचा सपाट पट्टा मिळाला तर उत्तम. नाहीतर मोठ्या चाकांचं विमान आणि पाणी मारून दाबलेली, घट्ट रोलर फिरवलेली पट्टी.

धुळीनंतर आग. पडलेलं विद्युत विमान बहुधा तुटून पडून राहतं. पडलेलं टर्बाइन विमान दोन लिटर डिझेल आणि सहाशे-सातशे अंशांची धूरनळी घेऊन वाळलेल्या गवतात उतरतं. येडशी-रामलिंगघाट अभयारण्य सुमारे 22 चौरस किलोमीटरचं आहे. तिथे माकडं आहेत, मोर आहेत, आणि माघ-फाल्गुनापासून गवत काडीसारखं वाळलेलं असतं. त्या जंगलाच्या कडेला टर्बाइन उडवूच नये, ना आवाजासाठी, ना आगीसाठी. हे मी पर्याय म्हणून लिहीत नाही. माळ अभयारण्यापासून चांगला लांब असावा, भोवती उभं पीक नसावं, आणि फवारणीचे दोन पाठपंप साध्या पाण्याने भरून तयार असावेत, कारण गवताची आग पहिल्या दोन मिनिटांत पाण्याने विझते आणि नंतर कुणाच्याच हातात राहत नाही. ते पंप औषध मारलेले असतील तर आधी धुऊन घ्यावेत.

कायद्याचा भाग लोक टाळतात आणि तो टाळता येत नाही. 25 ऑगस्ट 2021 पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत रिमोटच्या मॉडेल विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे: 25 किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठीचं आणि डोळ्यांच्या टप्प्यात उडवलेलं. अशा मॉडेलला प्रकार प्रमाणपत्र लागत नाही. पण 2 ते 25 किलोचं विमान लहान वर्गात येतं, आणि 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो वर्ग सोडून बाकीच्यांना तृतीय पक्ष विमा हवा. नोंदणी आणि परवान्याचं आपल्या विमानाला काय लागू होतं ते सरकारी संकेतस्थळावर तपासूनच पुढे जावं. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत मोकळीक आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फुटांवर येते. धाराशिवजवळ धावपट्टी आहे, त्यामुळे नकाशा बघितल्याशिवाय माळ ठरवू नये.

या 120 मीटरांचा इंजिनाच्या निवडीशी थेट संबंध आहे, आणि तो कुठे मांडलेला दिसत नाही. ताशी 200 किलोमीटर वेगाने घेतलेल्या लूपचा व्यास पाच पट गुरुत्वाच्या खेचीलाही 120 मीटरच्या पुढे जातो. म्हणजे खालच्या सुरक्षित उंचीवरून सुरू केलेला तो लूप मर्यादेच्या बाहेर जाणारच. मोठ्या इंजिनाची मजा उभ्या चढाईत आणि मोठ्या लूपमध्ये असते. तीच इथे परवानगीशिवाय घेता येणार नाही. सपाट फेऱ्या, हळू गिरक्या, खालून जाणारी देखणी झेप, उतरण्याचा सराव, एवढंच करायचं असेल तर हलकं विमान आणि 80 ते 120 न्यूटनचं इंजिन पुरतं. कागदपत्रांना वेळ लागतो हे महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे: वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, 2016 मध्ये मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, आणि नोंदणी 2017 मध्ये हाती आली. आपलं प्रकरण त्याहून पुष्कळ लहान, पण अर्ज विमानाच्या आधी करायचा हा धडा तोच.

आता कंपन्या. जेटकॅट जुनी आणि नेमकी. पी-20 पासून, ज्याचं चाक मिनिटाला अडीच लाखांच्या जवळ फेऱ्या घेतं, थेट 1,000 न्यूटनच्या वर्गापर्यंत तिची श्रेणी आहे. किंगटेकने किंमत आणि भरवसा यांचा चांगला मेळ घातला आणि म्हणून जगभरच्या माळांवर ती दिसते. स्पेनची झिकॉय आधी ईसीयूसाठी ओळखली गेली आणि मग स्वतःची इंजिनं करू लागली. तिथलीच जेट्स मुंट ही मर्लिन इंजिनांसाठी प्रसिद्ध. मेक्सिकोची जेटसेंट्रल, नेदरलँड्सची एएमटी ही आणखी नावं. स्विविन सगळ्यांत स्वस्तांपैकी, आणि गेल्या काही वर्षांत पुष्कळांनी पहिलं इंजिन म्हणून तेच घेतलं. 100 ते 140 न्यूटनच्या इंजिनाची परदेशातली किंमत दीड ते अडीच लाख रुपयांच्या घरात जाते. सीमाशुल्क, जीएसटी आणि वाहतूक वेगळी. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुटे भाग मात्र वगळले. म्हणून इंजिन स्वतंत्रपणे, बिलावर स्पष्ट वर्णन लिहून मागवावं. ही इंजिनं आता लष्करी ड्रोनमध्येही जातात, तेव्हा विक्रेता वापराचं लेखी निवेदन मागू शकतो. ते द्यायला संकोचू नये.

या सगळ्या कंपन्यांची इंजिनं उडतात. त्यांच्यातला खरा फरक दुरुस्तीच्या वेळी पडतो, आणि येडशीहून इंजिन पाठवायचं म्हटलं की तो दहापट वाढतो. साधारण 25 तासांनी इंजिन तपासणीला जावं लागतं. बेअरिंगं बदलायची आणि चाकांचा समतोल पुन्हा साधायचा. आठ मिनिटांच्या उड्डाणांनी 25 तास म्हणजे 180 च्या वर उड्डाणं, हौशी माणसाची दोन-तीन वर्षं. पण मधेच बिघाड झाला तर? इंधनाचा अंश राहिलेलं इंजिन हवाई मालवाहतुकीत घेत नाहीत. ते कोरडं करून, वासही येणार नाही असं बांधावं लागतं. दुरुस्तीसाठी बाहेर पाठवून परत आणताना सीमाशुल्काची कागदं आधी नीट केली नाहीत तर परत येणाऱ्या आपल्याच इंजिनावर पुन्हा कर भरण्याची वेळ येते. म्हणून मी पहिला प्रश्न हा विचारतो: या कंपनीची दुरुस्ती भारतात कोण करतं, आणि कुणीच करत नसेल तर कंपनी पत्राला किती दिवसांत उत्तर देते? इंजिन घेण्याआधी दोन तांत्रिक प्रश्न ईमेलने पाठवून बघावेत. ज्या कंपनीकडून विक्रीआधी उत्तर येत नाही तिच्याकडून विक्रीनंतर अपेक्षा ठेवता येत नाही.

याच कारणाने माझं एक मत प्रचलित सल्ल्याच्या विरुद्ध आहे. हल्ली पंप आणि झडपा इंजिनाच्या आतच बसवलेल्या असतात. जेटकॅटची आरएक्सआय मालिका तशी आहे. नळ्या कमी, जोडणी सुटसुटीत, दिसायला सुंदर. पण आतला पंप गेला तर सगळं इंजिन समुद्रापार जातं. बाहेर पंप असलेलं इंजिन, त्याच कंपनीच्या आरएक्स मालिकेसारखं, विमानात चार जोड जास्त मागतं, पण पंप बिघडला तर तो घरच्या टेबलावर अर्ध्या तासात बदलता येतो. पुण्यात राहणाऱ्याने आतला पंप घ्यावा. येडशीच्या माणसाने बाहेरचा घ्यावा, आणि इंजिनाबरोबरच एक जास्तीचा पंप, दोन ग्लो प्लग, गाळण्या आणि नळीची गुंडाळी मागवून ठेवावी.

टर्बाइन घेण्याआधी एक-दोन मोसम विद्युत पंख्याचं जेट उडवावं, असं मी आग्रहाने सांगतो. 90 मिलिमीटरच्या पंख्याचं फोमचं जेट तीन-साडेतीन किलोचा रेटा देतं, चार मिनिटं उडतं आणि टर्बाइनच्या खर्चाच्या लहानशा हिश्श्यात येतं. जेटचं उतरणं त्यावरच शिकावं. पण एक गोष्ट त्यावर शिकता येत नाही: विद्युत पंखा कळ दाबताच जोर देतो, टर्बाइनला आयडलवरून पूर्ण जोरावर यायला तीन ते पाच सेकंद लागतात. उतरताना विमान पट्टीच्या आधीच खाली बसतंय असं दिसल्यावर कळ पुढे केली तर तो जोर यायच्या आत चाकं ढेकळांत असतात. म्हणून टर्बाइनवर उतरताना फेऱ्या आयडलच्या थोड्या वर ठेवून यायचं आणि निर्णय लवकर घ्यायचा. रिमोटचा संपर्क तुटला तर इंजिन लगेच बंद होईल अशी फेलसेफची सोय करून, ती पहिल्या उड्डाणाआधी विमान जमिनीवर बांधून तपासून बघावी. रिमोट बंद करून इंजिन खरंच विझतं का ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विमान पट्टीवर नेऊ नये.

पैसे कमी पडतात म्हणून जुनं इंजिन घेणं वाईट नाही, फक्त ते बंद अवस्थेत विकत घेऊ नये. ईसीयूमध्ये एकूण किती तास चालवलं, किती वेळा सुरू झालं आणि शेवटी कोणत्या कारणाने बंद पडलं याची नोंद बहुधा असते; ती विक्रेत्यासमोर उघडून पाहावी. थंड इंजिनाचं चाक बोटाने हळूच फिरवावं: ते मोकळं फिरून आपोआप थांबायला हवं, खरखर किंवा अडखळ जाणवली तर बेअरिंग गेलेलं आहे. टर्बाइनच्या पात्यांच्या टोकांवर घासल्याची चकाकी आहे का, कॉम्प्रेसरच्या पात्यांवर खड्ड्यांचे ठिपके आहेत का, ते टॉर्च लावून बघावं. मग समोर सुरू करायला लावावं आणि तीन आकडे लिहून घ्यावेत: सुरू होतानाचं सर्वाधिक तापमान, आयडलवरचं तापमान, आणि पूर्ण जोरावरच्या फेऱ्या. कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्यांपेक्षा तापमान बरंच चढं असेल आणि फेऱ्या गाठताना इंजिन रेंगाळत असेल, तर तपासणीचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करूनच भाव बोलावा.